थर्मासमधला काढा

*ताई,*

*गेले आठ महिने मी ग्रीन टी पितेय. पितेय म्हणजे गिळतेय. वजन उतरावं म्हणून एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू केला. सकाळी सहाला थर्मासमध्ये दोन टी-बॅग टाकते, वर उकळतं पाणी ओतते आणि झाकण लावून कामावर घेऊन जाते. तिथे दुपारपर्यंत घोट घोट करत संपवते. संध्याकाळी घरी आल्यावर आणखी एक कप. चव विचाराल तर पालक उकडलेल्या पाण्यात कुणी तुरटी फिरवल्यासारखी. मध घातला की जरा घशाखाली उतरतो.*

*खरा घोळ पुढे आहे. माझं बघून नवऱ्यानेही सुरू केला आणि त्याला तो चक्क आवडायला लागला! आता त्याचा सुट्या पानांचा वेगळा डबा आहे, इवलीशी किटली आहे, मोबाइलवर टायमर आहे. मी मध घालताना दिसले की म्हणतो, "मध घालायचा तर प्यायचाच कशाला?" परवा म्हणाला, "तुझी जीभच तशी, तुला नाही कळायचं." वजनाचा काटा जागचा हललेला नाही, रात्री झोप उशिरा लागते ते वेगळंच. सोडून द्यावा असं रोज वाटतं. पण आठ महिने रेटून आता सोडला तर हरल्यासारखं होईल, आणि त्याचंच म्हणणं खरं ठरेल. काय करू?*

*— घोट घोट गिळणारी*

प्रिय घोट घोट गिळणारी,

तुमचं पत्र वाचताना मी 'दुपारपर्यंत' ह्या शब्दापाशी अडखळले आणि मागे जाऊन पुन्हा वाचलं. दोन बॅगा, उकळतं पाणी, घट्ट झाकण, आणि वर पाच-सहा तास. अहो, ह्याला चहा म्हणत नाहीत, काढा म्हणतात! आठ महिने तुम्ही काढा प्यायलात आणि नावं ठेवलीत चहाला. चांगला थर्मास पाणी तासन्‌तास गरम ठेवतो, तो त्याचा गुणच. इथे नेमका तोच नडला. बॅग बिचारी आत अडकलेली, बाहेर पडायला वाट नाही. तिच्यात होतं नव्हतं ते सगळं पाण्यात उतरलं, शेवटच्या कणापर्यंत.

काय काय उतरलं ते सांगते, कारण ते कळलं की निम्मं पत्र तुमचं तुम्हालाच सुटेल. चहाच्या पानात चवीच्या दृष्टीने तीन मंडळी राहतात. पहिलं थिॲनीन. हे अमिनो आम्ल गोडसर, भरीव, सुपासारखी चव आणतं. 1908 मध्ये किकुनाए इकेदा ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ज्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं, त्याच घराण्यातली ही चव. आपल्या सहा रसांत तिला स्वतंत्र खुर्ची नाही, म्हणून पहिल्यांदा प्यायल्यावर आपल्याला ती धड सांगताही येत नाही. दुसरी मंडळी म्हणजे कॅटेचिनं. कडू आणि तुरट, दोन्ही त्यांचीच करणी. आणि तिसरं कॅफीन, तेही कडूच.

ह्या तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. थिॲनीनला आग्रह लागत नाही, कोमट पाण्यातही ते बाहेर येतं. कॅटेचिनांमधली जी सर्वांत जहाल आहेत, ती मात्र उष्णता आणि वेळ मिळाल्याशिवाय जागची हलत नाहीत. म्हणजे पाणी निवलेलं आणि वेळ थोडा, तर कपात गोडवा पुढे आणि कडवटपणा मागे. पाणी उकळतं आणि वेळ मोकाट, तर तुमचा थर्मास. त्यातून टी-बॅगमध्ये बहुतेकदा पानाचा चुरा असतो. चुऱ्याला पाणी चहूबाजूंनी भिडतं, म्हणून आख्ख्या पानाला जे उतरायला दोन-तीन मिनिटं लागतात ते चुऱ्यातून मिनिटभरात उतरतं. तुम्ही त्या चुऱ्याला सहा तास दिलेत.

ज्या कडवटपणाला तुम्ही आठ महिने शिव्या देताय, त्याच्यामागे एका बाईची मोठी कामगिरी आहे, हे जाता जाता सांगायचा मोह आवरत नाही. मिचियो त्सुजिमुरा. विद्यापीठात बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून बिनपगारी साहाय्यक म्हणून प्रयोगशाळेत राबली. 1924 मध्ये ग्रीन टीत क जीवनसत्त्व असल्याचं एका सहकाऱ्याबरोबर दाखवलं, 1929 मध्ये त्याच चहातून कॅटेचिन वेगळं काढलं, आणि 1932 मध्ये शेतीशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी ती जपानमधली पहिली स्त्री ठरली. तुमच्या थर्मासात तिच्या संशोधनाचा विषय चिक्कार भरलेला आहे, एवढंच.

आता मी सांगते तसा एक कप करून बघा. घाईच्या दिवशी नको, सुट्टीच्या सकाळी.

पाणी उकळवा. उकळलं की ते रिकाम्या कपात ओता. त्या कपातून दुसऱ्या कपात. दर वेळी भांडं बदललं की पाणी साधारण दहा अंशांनी उतरतं, म्हणजे दोनदा इकडून तिकडे केलं की ऐंशीच्या आसपास येतं. थर्मामीटर नको, ॲप नको. (टायमर नवरोबांकडून उसना घ्या, तेवढा चालेल.) आता त्या पाण्यात एकच बॅग सोडा आणि तिच्याकडे बघत बसा, खरंच बघा. पहिले दहा सेकंद काही होत नाही. मग बॅगेच्या कडेने पिवळसर हिरवी रेघ सुटते आणि धुरासारखी तळाकडे जाते. मिनिटभरात अख्खा कप फिक्या पोपटी रंगाचा होतो. इथे तुम्हाला वाटेल की अजून कुठे उतरलाय, पाणीच तर आहे नुसतं. तिथेच हात पुढे करा आणि बॅग बाहेर काढा. पिळू नका. बॅग पिळायची सवय अनेकांना असते, चमच्यावर दोरा गुंडाळून अगदी निगुतीने पिळतात. पण त्या शेवटच्या पाच-सात थेंबांत जे असतं ते तुम्हाला नकोय.

मग जरा थांबा. 65 अंशांवरची कुठलीही पेयं वारंवार पिणं अन्ननलिकेला घातक असण्याची शक्यता बरीच आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये सांगितलं आहे. तेव्हा वाफ निवू द्या. पहिला घोट घेतल्यावर लगेच गिळू नका, तोंडात फिरवा.

इथे तुमच्या पत्रातला 'पालक आणि तुरटी' हा शब्दप्रयोग मला फार कामाचा वाटला. नकळत तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एका वाक्यात बांधल्यात. तुरटी ही चव कमी आणि स्पर्श जास्त. कॅटेचिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ-टाळू कोरडे, खरखरीत लागतात. ती तक्रार करण्याच्या पद्धतीची आहे. पाणी आणि वेळ सुधारलात की बरीचशी जाईल. पालक मात्र पान कसं तयार केलंय त्याचा प्रश्न आहे, आणि तो पाणी निववून पुरता सुटणार नाही.

त्याचं असं आहे. काळा चहा आणि हिरवा चहा एकाच झुडपाचे. पान तोडल्यावर त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, कामाला लागतात आणि ते काळवंडायला लागतं, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखं. ग्रीन टीत ती विकरं उष्णता देऊन लगेच थांबवतात. ही उष्णता द्यायचे दोन मुख्य मार्ग. जपानमध्ये बहुतेक पानं वाफवतात. त्यामुळे हिरवा रंग गडद राहतो आणि चवीला गवत, पालेभाजी, कधी कधी समुद्राचा वास येतो. 1738 मध्ये उजी भागातल्या नागातानी सोएनने वाफवून, हाताने वळून पानं वाळवायची रीत बसवली, आजचा सेंचा हा जपानी चहा त्याच वाटेचा. चीनमध्ये बहुतांशी पानं गरम कढईत परततात. त्यात गवताळपणा मागे पडतो आणि भाजलेल्या दाण्यासारखा, शेंगदाणा म्हणा किंवा चेस्टनट म्हणा, तसा वास पुढे येतो. हांगचौचा लोंगचिंग हा त्यातला सर्वांत नावाजलेला. चपटी पानं, जणू कुणी इस्त्री फिरवलीय.

तेव्हा पालक नको असेल तर कढईत परतलेला चहा घ्या. वाफवलेला सेंचा तुमच्यासाठी नाही, निदान सुरुवातीला नाही. आणि जर सगळाच हिरवटपणा नको असेल तर होजिचा म्हणून एक प्रकार मिळतो. तो ग्रीन टीच, पण पानं आणि देठं नंतर भाजलेली. रंग तपकिरी, वास खमंग, कडवटपणा नावापुरता. ह्याला पाणी निववायचीही भानगड नाही, थेट उकळतं घातलं तरी रुसत नाही. तुमच्यासारख्या घाईच्या बाईसाठी तोच बनवलाय म्हणा ना. भाजलेले तांदूळ मिसळलेला गेनमाइचाही असाच समजूतदार.

आता मधाचं. नवरोबांचा प्रश्न 'मध घालायचा तर प्यायचाच कशाला?' ह्याचं सरळ उत्तर, 'आवडतं म्हणून.' पण त्यांना शुद्धतेचा एवढा अभिमान असेल तर लू यूची गोष्ट ऐकवा. आठव्या शतकात ह्या चिनी गृहस्थाने चहावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळी लोक चहात कांद्याची पात, आलं, खजुरासारखी फळं, संत्र्याची साल, पुदिना असं काय काय घालून उकळायचे. लू यू भडकला. हे तर गटारात ओतायचं पाणी, असं त्याने लिहून ठेवलं. इथपर्यंत नवरोबा खूश होतील. मग पुढचं सांगा. पाण्याला पहिला कढ येऊन माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे दिसायला लागले की त्यात मीठ घालावं, हेही त्याच लू यूने सांगितलंय. मीठ! शुद्ध चहाच्या पहिल्या कैवाऱ्याच्या कपात. आणि मोरोक्कोत आजही ग्रीन टी म्हणजे गोळीसारखी वळलेली चिनी पानं, मूठभर पुदिना आणि भरपूर साखर. त्या लोकांना चहा कळत नाही असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, मध घाला, पण आधी बिनमधाचे दोन घोट घ्या. चहा नीट झालाय की नाही ते त्या दोन घोटांत कळतं. मध हा झाकण म्हणून घालत असाल तर खाली काय झाकताय ते आधी बघावं. नुसता आवडतो म्हणून घालत असाल तर कुणाला काय करायचंय? छोट्या चमचाभर मधात वीसेक उष्मांक असतात. तुमच्या काट्याचं खापर त्यावर फोडू नका. लिंबूही चालेल. दूध मात्र ह्या चहाला शोभत नाही, असं मला वाटतं, आणि ह्या एका बाबतीत मी नवरोबांइतकीच हट्टी आहे.

'तुझी जीभच तशी' ह्यात मात्र त्यांच्याही नकळत थोडं तथ्य आहे, पण त्यांना वाटतं तसं नाही. 1931 मध्ये आर्थर फॉक्स नावाचा एक रसायनतज्ज्ञ एक भुकटी बाटलीत भरत होता आणि ती हवेत उडाली. शेजारी काम करणाऱ्या सहकाऱ्याने तोंड वाकडं केलं, 'कसलं कडू आहे हे!' फॉक्सला काहीच लागत नव्हतं. दोघांनी चाटून बघितलं. एकाला जहर, दुसऱ्याला खडू. पुढे कळलं की हा फरक आईबापांकडून आलेला असतो. चहातली द्रव्यं वेगळी, तिथे इतका काळा-पांढरा मामला नाही. पण कडू किती लागावं हे प्रत्येक जिभेचं वेगळं, हे पक्कं. म्हणजे कदाचित तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त लागतंय, कमी नाही. 'तुला कळत नाही' ऐवजी 'तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं' असं म्हणायला हवं होतं.

शिवाय ही तुलनाच मुळात अन्यायाची. ते प्यायले ती आख्खी पानं, मोजलेलं पाणी, टायमर लावून. तुम्ही प्यायलात तो चुरा, उकळता, सहा तास मुरलेला. एक दिवस थर्मास त्यांच्या हातात द्या आणि दुपारी विचारा, जीभ कशी आहे म्हणून.

वजनाबद्दल फार लांबण लावत नाही. ग्रीन टी आणि वजन ह्यावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन ह्या नावाजलेल्या संस्थेने 2012 मध्ये घेतला. जादा वजनाच्या माणसांत घट दिसली ती फारच थोडी, योगायोगाने दिसावी इतपत, उपचार म्हणून जमेस धरावी अशी नाही. तुमच्या काट्याने वेगळं काही सांगितलेलं नाही. मैत्रिणीला दोष देऊ नका. चहा म्हणजे औषध ही समजूत तिची एकटीची नाही, ती निदान आठशे वर्षं जुनी आहे. एइसाई नावाच्या जपानी झेन भिक्षूने 1211 मध्ये चहाच्या आरोग्यगुणांवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि 1214 मध्ये रात्रीच्या दारूने डोकं धरून बसलेल्या शोगुनला, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाला, चहा पाजून ते सोबत भेटही दिलं. शोगुनला बरं वाटलं म्हणे. कॅफीन होतं, वाटणारच.

एक मात्र बजावून सांगते. चहाने वजन उतरत नाही म्हणून ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांकडे वळू नका. चहातलं मुख्य कॅटेचिन गोळ्यांच्या रूपात दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं तर यकृतावर ताण आल्याची चिन्हं दिसतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये म्हटलं आहे. किटलीतला चहा वेगळा आणि गोळीत ठासलेला अर्क वेगळा. रक्तातलं लोह कमी असेल तर चहा जेवणाबरोबर नको, मागेपुढे तासाभराचं अंतर ठेवा; वनस्पतींमधून मिळणारं लोह चहा अडवतो. आणि रक्त पातळ ठेवायची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर किती कप चालतील हे डॉक्टरांनाच विचारा, मला नको. उपाशीपोटी मळमळत असेल (तुम्ही लिहिलं नाहीत, पण सहाच्या त्या काढ्याने मळमळलं नसेल तर नवल) तर आधी चार घास खा.

झोपेचा गुन्हेगार संध्याकाळचा कप असावा. एका कपात कॅफीन साधारण तीस-चाळीस मिलिग्रॅम, कॉफीच्या निम्म्याहूनही कमी. पण ते शरीरातून निम्मं जायलाच पाचेक तास लागतात, आणि काही माणसांना त्याहूनही जास्त. सातला प्यायलात तर मध्यरात्री निम्मं अजून घरातच. निरोगी मोठ्या माणसाला सगळे स्रोत मिळून दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, गरोदरपणात 200, हे सर्वसाधारण आकडे. पण तुमची झोप आकडे वाचून येत नाही. दुपारी तीननंतर बंद करून आठवडाभर बघा. संध्याकाळी हातात काहीतरी गरम हवंच असेल तर होजिचा. त्यात कॅफीन कमी असतं.

आणि कामावर काय न्यायचं? थर्मास टाकून द्यायची गरज नाही, फक्त त्याची नेमणूक बदला. त्यात नुसतं गरम पाणी न्या आणि बॅगा वेगळ्या, पर्समध्ये. सकाळी सहाला भरलेलं उकळतं पाणी नऊ-दहापर्यंत आपसूक थोडं उतरलेलं असतं, बहुतेक चहाला हवं तेवढंच. कपात ओता, मिनिटभर बॅग, काढा, झालं. गरम दिवसांत त्याहून सोपा उपाय आहे. रात्री लिटरभर गार पाण्यात दहा ग्रॅम पानं, म्हणजे चार-पाच बॅगा, टाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. गार पाण्यात कॅफीन आणि जहाल कॅटेचिनं संथपणे उतरतात, गोडवा मात्र उतरतो. पहिल्यांदा केला तेव्हा, मी ह्यात साखर कधी घातली, असा मलाच प्रश्न पडला होता.

बॅगांचं खोकं किती जुनं आहे तेही बघा. ग्रीन टी मुरत नाही, शिळा होतो. हवा, उजेड, ओल आणि शेजारचा वास, चारही त्याचे वैरी. मला एकदा कुणीतरी फार उंची चहा भेट दिला होता. एवढा चांगला चहा रोज कुठे प्यायचा म्हणून मी तो पाहुण्यांसाठी जपून ठेवला, तोही मसाल्यांच्या कप्प्यात. वर्षाने पाहुणे आले, डबा उघडला, तर पानं वाळक्या गवताच्या रंगाची आणि वास गरम मसाल्याचा. पाहुणे सभ्य होते, 'वेगळाच आहे' म्हणाले. तेव्हापासून लहान पुडी आणते, उघडली की महिन्या-दीड महिन्यात संपवते.

आता हरण्या-जिंकण्याचं. आठ महिने तुम्ही जे रेटलंत तो खेळ दुसराच होता. ह्यात तुम्ही अजून उतरलेल्याच नाही, मग हराल कशा? थर्मासचा काढा आजच बंद करा, तो सोडण्यात काहीही गमावत नाही. मग दोन आठवडे, रोज नव्हे, चार कप फक्त, वर सांगितल्यासारखे: दोन परतलेल्या पानांचे, एक होजिचा, एक गार पाण्यातला. त्यानंतरही 'छे, नकोच' वाटलं तर खुशाल सोडा. चहाने तुमचं वजन उतरवायचं नव्हतं आणि तुम्ही चहाला खूश करायचं नव्हतं. नवऱ्याला सांगायचं ते एवढंच की 'नीट करून प्यायले, नाही आवडला.' ह्या वाक्याला उत्तर नसतं.

पण त्याआधी एक काम त्यांना सांगा. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या त्या इवल्याशा किटलीत त्यांच्या हातचा एक कप करून मागा. अट एकच, प्रवचन नको. पहिला ओतला की पानं फेकू देऊ नका. चांगल्या पानांतून दुसरं पाणी निघतं, पुष्कळदा तिसरंही. ते दुसरं पाणी तुम्ही घाला, पहिल्यापेक्षा किंचित गरम, पण अर्धा मिनिटच. पानं आधीच उमललेली असतात, त्यांना आता वेळ लागत नाही. बऱ्याच जणांना पहिल्या कपापेक्षा हा दुसराच जास्त आवडतो. तो कप त्यांच्या पुढे ठेवा आणि त्यांचा चेहरा बघा. 'तुला नाही कळायचं' हे तुम्हाला लागलं होतं, हे सांगायला त्याहून बरी वेळ मिळणार नाही. लागलं होतं, हे पत्रात दिसतंय. सोडायला तुम्ही बिचकताय ते चहासाठी नव्हे, 'त्याचंच म्हणणं खरं ठरेल' म्हणून.

आणि हो, थर्मास. त्याच्या आत आठ महिन्यांचा तपकिरी थर बसला असणार; नुसतं पाणी भरलंत तरी ते कडवट लागेल आणि दोष पुन्हा चहावर येईल. आज रात्री त्यात दोन चमचे खायचा सोडा टाका, गरम पाण्याने भरा, झाकण उघडंच ठेवा आणि सकाळी बाटली धुवायच्या ब्रशने घासून घ्या. झाकणाच्या आतली रबरी कडीही काढून धुवा. वास तिथे दडून बसतो.